शिधा एका कोठींतला, चूल ज्याची त्याची

विद्यालयांतील संगणकवर्ग म्हटला म्हणजे ओळीनें मांडलेलीं पंचवीस-तीस यंत्रें डोळ्यांपुढें येतात. त्या खोलींतील खरी अडचण मात्र बाहेरून पाहणारास सहसा कळत नाहीं. प्रत्येक यंत्रांत निराळी डिस्क असल्यामुळें एखादी नवी आज्ञावली घालावयाची तर तेंच काम तीस वेळां करावें लागतें. आणि एखादी डिस्क बिघडली कीं तें यंत्र कोपऱ्यांत पडून एका बाकावर तिघांची दाटी होते. या अडचणीवर लिनक्स वापरणाऱ्या कित्येक शाळांनीं योजिलेल्या उपायाची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

लिनक्सचा आरंभ १९९१ सालीं फिनलंड देशांतील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें केला. ही प्रणाली कोणीही विनामूल्य घ्यावी, तपासावी व तिच्या हव्या तितक्या प्रती काढाव्या, अशी मुभा आहे. पुढें १९९९ सालीं जिम मॅकक्विलन यांनीं ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यांतील आरंभींची रीत अन्नछत्रासारखी होती. सगळा स्वयंपाक सर्व्हर नांवाच्या एका मोठ्या यंत्रांत होई. विद्यार्थ्याच्या मेजावरील यंत्र केवळ पडद्यावर चित्र दाखवी. साध्या लेखनास हें पुरे. परंतु तीस जणांनीं एकदम चलच्चित्र लाविलें कीं मुदपाकखान्यावर ताण पडे.

म्हणून दुसरी रीत पुढें आली. शिधा एका कोठींतून घ्यावा, पण अन्न ज्यानें त्यानें आपल्या चुलीवर शिजवावें. २००१ सालीं नॉर्वे देशांत शाळांसाठीं सुरू झालेल्या ‘स्कोलेलिनक्स’ प्रणालींत या रीतीनें चालणाऱ्या डिस्कविरहित यंत्रांची सोय आहे. आणि २०१९ सालीं मॅकक्विलन यांचा प्रकल्प मुळापासून नव्यानें लिहिण्यांत आला, तेव्हांपासून तेथेंही हीच रीत मुख्य झाली आहे.

हें घडतें कसें तें पाहूं. कळ दाबतांच यंत्रांतील नेटवर्क-कार्ड जागें होतें व तारेवर पुकारा करितें, “माझा पत्ता कोणता आणि मीं आरंभ कोठून करावा?” त्यास डीएचसीपी नांवाच्या पद्धतीनें पत्ता व आरंभीच्या फाइलीचें नांव मिळतें. मग ती लहानशी फाइल येते. तिच्यामागून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, येतो. कर्नल सर्व्हरवरील ‘इमेज’ आपल्या डिस्कप्रमाणें जोडून घेतो. इमेज म्हणजे संपूर्ण प्रणालीची दाबून बसविलेली एक प्रत. ती सर्वांस वाचतां येते, पण कोणासही खोडतां येत नाहीं. जो फेरफार होतो तो यंत्राच्या रॅममध्यें राहतो व यंत्र बंद होतांच पुसला जातो. यामुळें एखाद्यानें आज प्रणालींत खोडी केली, तरी यंत्र पुन्हां सुरू करतांच तें पूर्ववत् होतें. विद्यार्थ्याचें स्वतःचें लेखन मात्र सर्व्हरवरील त्याच्या कप्प्यांत राहतें; म्हणून तो कोणत्याही मेजावर बसला तरी त्यास आपली वही सांपडते.

मांडणीचा क्रमही फार अवघड नाहीं. सर्व्हरवर डेबियन किंवा उबुंटू घालावें. हव्या त्या आज्ञावल्या व मराठी टंक त्यांतच बसवावे. मग एका आज्ञेनें इमेज तयार करून उरलेल्या दोन-चार आज्ञांनीं ती वांटण्याची व्यवस्था करावी. प्रत्येक यंत्राच्या मूळ मांडणींत ‘प्रथम नेटवर्कवरून आरंभ’ हा पर्याय निवडावा. पुढें नवी आज्ञावली हवी झाल्यास ती सर्व्हरवर एकदां घालून इमेज पुन्हां करावी. यंत्रें पुन्हां सुरू होतांच ती सर्वांस मिळते.

तारांचा हिशेब मात्र आधीं करावा. आरंभीं प्रत्येक यंत्र २०० मेगाबाइट मजकूर मागतें असें धरूं. तीस यंत्रांचे ६,००० मेगाबाइट झाले. सर्व्हरची तार एक गिगाबिटची असल्यास सेकंदास फार तर १२५ मेगाबाइट जातील, म्हणजे ४८ सेकंद लागतील. तीच तार १०० मेगाबिटची असेल तर ४८० सेकंद, म्हणजे आठ मिनिटें! तितका वेळ तासिकेंतून वजा झाला. तेव्हां जुनीं यंत्रें टाकून देण्यापूर्वीं स्विच व तारा तपासाव्या, असें आम्ही सुचवितों.

या रीतींत एक मोठा धोकाही आहे. कोठीस कुलूप लागलें कीं सगळ्या चुली थंड पडतात. सर्व्हर बंद पडला कीं सबंध वर्ग बंद. यास्तव सर्व्हरला वीज गेल्यावरही कांहीं वेळ चालविणारी बॅटरी असावी, आणि मुलांच्या लेखनाची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर नेमानें ठेवावी. वर्षभराची मेहनत एका डिस्कवर सोंपविणें शहाणपणाचें नव्हे.

डिस्क गेली म्हणून कोपऱ्यांत पडलेलें यंत्र या व्यवस्थेंत पुन्हां मेजावर येऊं शकतें. कारण त्याची चूल, म्हणजे प्रोसेसर व रॅम, शाबूत असते. त्यास हवा असतो तो फक्त शिधा. पालकांनीं नव्या यंत्रांसाठीं वर्गणी देण्याआधीं आपल्या शाळेंत अशीं यंत्रें किती आहेत, हें एकवार अवश्य विचारावें.