मृग नक्षत्र आणि बारचार्ट

२००३ च्या एप्रिलमध्ये मी माझा पहिला खरा बारचार्ट केला. पुण्यापासून तासाभरावर एका तीन मजली वसतिगृहाचं काम होतं. दोन दिवस संगणकासमोर बसून प्रत्येक कामाच्या तारखा बसवल्या. काय संपल्यावर काय सुरू होणार, कुठल्या कामाला किती सवड आहे, सगळं मांडलं. मोठ्या कागदावर त्याची रंगीत प्रत काढली आणि पत्र्याच्या साइट ऑफिसात दाराशेजारी चिकटवली. कॉलेज सोडून वर्षही झालं नव्हतं. परीक्षेत या विषयाला मला चांगले गुण होते.

सेंटरिंगचे मुकादम अक्कलकोटकडचे. सगळी साइट त्यांना मामा म्हणायची. चहाचा कप हातात घेऊन ते त्या कागदासमोर उभे राहिले. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण पट्ट्या कळत होत्या. एका निळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, ही कधीची?"

"तिसरा स्लॅब मामा. बारा जून ते चोवीस जून."

"म्हंजे मृग लागल्यावर." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरं पेरणीला जाणार की ओ. तूर, उडीद टाकल्याबिगर कोण येतंय माघारी?"

मला ती सबब वाटली. गरज पडली तर दुसरी टोळी आणू, असं मी सांगितलं. मामांनी कप ठेवला आणि कामाला गेले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सोलापूरकडं पाऊस झाला आणि चौदा माणसं एका रात्रीत गावी गेली. दुसरी टोळी मिळेना, कारण तिकडच्या सगळ्याच टोळ्या पेरणीला गेल्या होत्या. जी एक मिळाली, तिच्याकडं सेंटरिंगच्या प्लेटा आणि स्लॅबला खालून द्यायचे टेकू, म्हणजे प्रॉप, पुरेसे नव्हते. आमच्या साइटवरचे सगळे मामांच्या मालकीचे. तेरा दिवसांचा स्लॅब एकतीस दिवसांनी पडला.

त्या स्लॅबपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागली. 'रिसोर्स कॅलेंडर' ही संज्ञा मला तोंडपाठ होती. माणूस किंवा यंत्र कोणत्या दिवशी उपलब्ध आहे आणि कोणत्या दिवशी नाही याची नोंद, ही तिची व्याख्या मी परीक्षेत लिहून आले होते. मामा मला एप्रिलमध्ये आमच्या टोळीचं रिसोर्स कॅलेंडरच वाचून दाखवत होते. ते मृग, तूर, उडीद अशा शब्दांत आल्यामुळं मला ओळखू आलं नाही.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट पुस्तकातून शिकावं की कामावर, हा वाद इंजिनीअरिंगच्या पोरांत, आयटीत आणि ठेकेदारांच्या कचेऱ्यांत कायम चालू असतो. बहुतेक वेळा तो "थिअरी काय कामाची" या वाक्यावर संपतो. वीस-बावीस वर्षं दोन्ही बाजू पाहिल्यावर मला ते वाक्य पटत नाही आणि त्याच्या उलटं वाक्यही पटत नाही. पुस्तक आपल्याला चौकट देतं. त्या चौकटीत भरायचे आकडे मात्र कुठल्याच पुस्तकात नसतात.

'पर्ट'चं उदाहरण घ्या. व्यवस्थापनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात ते असतं. एखाद्या कामाला किती दिवस लागतील हे ठरवायला तीन अंदाज घ्यायचे: सगळं नीट झालं तर, नेहमीसारखं झालं तर आणि वाईटात वाईट झालं तर. मधल्याला चारनं गुणायचं, तिघांची बेरीज करायची, सहानं भागायचं. समजा, चार, सहा आणि चौदा दिवस. चार अधिक चोवीस अधिक चौदा, म्हणजे बेचाळीस. भागिले सहा, सात दिवस. आठवीतला मुलगा करील इतकं सोपं गणित. पण प्रश्नपत्रिकेत ते चार, सहा, चौदा छापूनच येतात. कामावर ते कुणीही देत नाही. चौदा हा आकडा कुणाच्या तरी आठवणीतून, कुणाच्या तरी पोळलेल्या हातातून काढून घ्यावा लागतो, आणि तो ज्याच्याकडं असतो तो माणूस बहुधा बैठकीला बोलावलेला नसतो.

या पद्धती जन्मल्या त्या खऱ्या कामांच्या अडचणींतूनच. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट ही रसायन कंपनी आणि रेमिंग्टन रँड यांनी मिळून, ज्या कामांना उशीर झाला की सगळाच प्रकल्प लांबतो ती शोधणारी 'क्रिटिकल पाथ' पद्धत बसवली. कारखाने उभारणं आणि त्यांची देखभाल ही ड्यूपाँटची सवयीची कामं. कुठल्या कामाला किती वेळ लागतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या पद्धतीत एका कामाला एकच मुदत. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकी नौदलानं पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' तयार केली. पाण्याखालच्या पाणबुडीतून डागायचं असलं क्षेपणास्त्र त्यांनी आधी केलेलंच नव्हतं. अनुभव नव्हता, म्हणून एका कामाला तीन अंदाज. म्हणजे हाताशी अनुभव किती आहे, यावरून पद्धत ठरली होती. आपल्या पाठ्यपुस्तकात दोन्ही एकाच प्रकरणात, शेजारी शेजारी येतात, गणितं सोडवून घेतली जातात आणि ही मुळातली गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही. मला ती नोकरीला लागून दहा वर्षं झाल्यावर कळली. वर्गात कळली असती तर त्या एप्रिलमध्ये मी मामांना बसवून घेऊन विचारलं असतं.

आता उलटी बाजू, त्याच इमारतीची.

तळमजल्यावर भोजनगृह होतं, वीस फुटांचा गाळा, म्हणजे दोन आधारांत तेवढं अंतर. स्लॅब पडल्यावर सातव्या दिवशी मामांची माणसं खालचे प्रॉप काढायला आली, कारण वरच्या मजल्यासाठी माल हवा होता. मी नको म्हटलं. मामा दुखावले. "तीस वर्षं सात दिवसांत काढतोय. एक स्लॅब खाली आला न्हाई." ते खरंच बोलत होते. पण काँक्रीटच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६ मध्ये, स्लॅबखालचे प्रॉप काढायची मुदत गाळ्यावर ठरते: साडेचार मीटरपर्यंत सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा. मामांनी आयुष्यभर घरं बांधली होती, दहा-बारा फुटांच्या खोल्या. बारा फूट म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडं वर. त्यांचे सात दिवस त्या खोल्यांसाठी मानकाबरहुकूम होते. वीस फूट म्हणजे सहा मीटर. तिथं त्यांचा अनुभव संपत होता, आणि तो संपतो आहे हे सांगणारी कुठलीही खूण त्या अनुभवात नव्हती. ती पुस्तकात होती.

मी त्यांना मानकाचं पान दाखवलं. इंग्रजी पान त्यांच्यासाठी कोरंच, म्हणून वाळूवर काठीनं दोन गाळे काढून समजावलं. त्यांनी ऐकलं. चौदा दिवस प्रॉप हलले नाहीत.

अनुभवी माणूस स्वतःच्या अनुभवालाही विचारत नाही, याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण नोबेल मिळवलेल्या मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. इस्रायलमध्ये शाळकरी मुलांसाठी एक अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक लिहायला त्यांनी गट जमवला. विषय होता, निर्णय कसे घ्यावेत. वर्षभर काम झाल्यावर त्यांनी प्रत्येकाला कागदावर लिहायला लावलं, किती वेळ लागेल? सगळे दोन वर्षांच्या आसपास आले. गटात अभ्यासक्रम तयार करण्यातला एक जाणकार होता. त्याचाही आकडा तोच. मग कानेमननी त्याला विचारलं, असे दुसरे गट तुम्ही पाहिलेत, त्यांना किती लागला? तो थबकला. म्हणाला, चाळीस टक्के गटांचं काम पुरंच झालं नाही, आणि ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. ही माहिती पूर्ण वेळ त्याच्या डोक्यात होती. आपल्या कामाचा अंदाज करताना ती त्याला आठवलीच नाही. पुस्तक आठ वर्षांनी पुरं झालं आणि तोवर शिक्षण खात्याला त्यात रस उरला नव्हता.

हा प्रसंग मी प्रत्येक नव्या इंजिनीअरला सांगते. तिथं अनुभव होता, तो बाहेर यायला एक नेमका प्रश्न लागला. नीट शिकवलेलं पुस्तक आपल्याला असे प्रश्न विचारायला लावतं.

आपल्याकडं पुस्तक आणि अनुभव या दोन्ही गोष्टी एकाच माणसात पाहायच्या तर रेल्वे इंजिनीअर ई. श्रीधरन यांची वाटचाल पाहावी. इंजिनीअर झाल्यावर त्यांनी कोळिकोडच्या पॉलिटेक्निकात काही काळ शिकवलं, मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षभर उमेदवारी केली आणि मग रेल्वेत गेले. डिसेंबर १९६४ च्या वादळात रामेश्वरमला जोडणारा पांबनचा पूल वाहून गेला. दुरुस्तीला रेल्वेनं सहा महिने धरले होते, त्यांच्या वरिष्ठांनी तीन केले. बत्तीस वर्षांच्या श्रीधरन यांनी तो ४६ दिवसांत उभा केला. समुद्रात पडलेले गर्डर शोधून, बाहेर काढून पुन्हा वापरले. नवे गर्डर करून, वाहून आणून बसवायचे, ही नेहमीची क्रमवारी त्यांनी अडचण बघून मोडली.

पुढं १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि त्याची धुरा त्यांच्याकडं आली. रोह्यापासून मंगळुरूपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब, पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच. कचेऱ्यांत उलटी घड्याळं लावली होती, मुदतीला किती दिवस उरले ते रोज दाखवणारी. एवढं सगळं असून पाच वर्षांत धरलेलं काम पुरं व्हायला जानेवारी १९९८ उजाडला. खोळंबा झाला त्याची कारणं अनेक. गोव्यात मार्गावरून आंदोलन झालं, काम थांबलं, चौकशी बसली. पण मला शिकवण्यासारखी वाटते ती बोगद्यांची गोष्ट. सह्याद्रीच्या कातळाची सगळ्यांना धास्ती होती. कातळ यंत्रांनी आणि सुरुंगांनी रीतसर फुटला. खरा जीव काढला तो मऊ मातीतल्या मोजक्या बोगद्यांनी. पाण्यानं भिजलेली माती, खणावी तितकी पुन्हा आत येणारी. तिथं माणसांनी हातानं, इंच इंच पुढं सरकत काम केलं. गोव्यातला पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, करबुड्याच्या चौथाईहूनही लहान, पण पुन्हा पुन्हा ढासळत तोच अगदी शेवटपर्यंत अडून बसला.

करबुड्याचा बोगदा कागदावर मोठी पट्टी असणार, पेडण्याचा छोटी. लांबीवरून वेळ धरायची, हे नेहमीचं गणित. पेडण्यानं ते खोटं ठरवलं. आज मऊ जमिनीतल्या बोगद्याचा अंदाज करणाऱ्याला पेडणे ठाऊक असलं पाहिजे. ते कुणाच्या तरी सांगण्यातून पुढं आलं, तर पुढच्या वेळी पुस्तकातल्या चौकटीत योग्य आकडा पडेल. श्रीधरन त्यानंतर दिल्ली मेट्रोला गेले, आणि तिथला पहिला टप्पा मुदतीच्या आधी पुरा झाला.

प्रमाणपत्रांबद्दल थोडंच. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्वाधिक मागणी असलेल्या परीक्षेला बसायला चार वर्षांच्या पदवीधराकडून रीतसर शिक्षणाचे ३५ तास मागतात आणि प्रकल्प चालवल्याचा अनुभव ३६ महिने. या विषयाचं पुस्तक लिहिणाऱ्यांनीच घातलेली ही अट आहे. क्लासच्या जाहिराती तासांबद्दलच बोलतात. पालकांनी आणि मुलांनी महिन्यांबद्दल विचारावं.

माझी खरी तक्रार आपल्या कामाच्या ठिकाणांशी आहे. काम संपलं की आपण उद्घाटन करतो, पेढे वाटतो, बिलं काढतो. अंदाज किती होता, लागले किती आणि का, हे लिहून ठेवत नाही. मामांसारखी माणसं तीस-पस्तीस वर्षांचे आकडे डोक्यात घेऊन गावी परत जातात आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा कुणीतरी बारा जूनला स्लॅब धरतं. दरवर्षी परीक्षा देऊन निघणाऱ्या हजारो मुलांना आपण तीच एक चूक पहिल्यापासून करायला लावतो. यात पैसा जातो, आणि प्रॉप लवकर काढले तर जीवही.

म्हणून दोन गोष्टी मागते. शिकवणाऱ्यांनी पर्टचं एक तरी गणित आकड्यांशिवाय द्यावं आणि मुलांना ते तीन आकडे शेजारच्या बांधकामावरून, गॅरेजमधून, मंगल कार्यालयातून विचारून आणायला सांगावेत. आणि नव्यानं कामाला लागलेल्यांनी एक दोनशे पानी वही घ्यावी. तीन रकाने पुरेत: धरले किती, लागले किती, का.

माझ्या वहीतली पहिली नोंद २००३ च्या जुलैची आहे. तिसरा स्लॅब. धरले १३, लागले ३१. कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे: पेरणी.