तीनशे शब्दांच्या निबंधानंतर

मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. आरोपी 17 वर्षांचा. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि लोक खवळले. तो संताप रास्तच होता. पण ‘सज्ञान समजून तुरुंगात टाका’ ही मागणी मला पटत नाही. अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेला आहे. तिथल्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञगटाचा 2007 मधला निष्कर्ष असा, की प्रौढांच्या न्यायालयात पाठवलेली मुले पुढे हिंसक गुन्ह्यांकडे अधिक वळतात.

मग ज्यांची मुले गेली त्यांना न्याय कसला, हा प्रश्न टाळून चालणार नाही. पण कायदा लेचापेचा नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवून शिक्षण, समुपदेशन, व्यसनमुक्ती असे उपचार करता येतात. अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकालाही मोटार वाहन कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. याच प्रकरणात आरोपी मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. म्हणून मुलाभोवतीच्या या मोठ्या माणसांवरचे खटले तडीस नेणे आणि विशेष गृहांत पुरेसे प्रशिक्षित समुपदेशक नेमणे, हा आग्रह आपण आधी धरायला हवा.