न्हाणीघरातील बुरशी

न्हाणीघरातील बुरशी : न्हाणीघर, मोरी, संडास इ. सतत ओलसर राहणाऱ्या जागांत लाद्यांच्या सांध्यांमध्ये, भिंतींच्या पायथ्याशी व छताच्या कोपऱ्यांत वाढणारी सूक्ष्म कवके आणि त्यांच्यामुळे पडणारे काळे, तपकिरी वा हिरवट डाग. क्लॅडोस्पोरियम व ॲस्परजिलस या वंशांतील कवके यांत बहुधा आढळतात. बादलीच्या बुडाशी दिसणारा गुलाबी बुळबुळीत थर मात्र बुरशीचा नसून सामान्यतः सूक्ष्मजंतूंचा असतो, तर उजेड असलेल्या जागी येणारे हिरवे किटण शैवलांचे असते.

कोकणपट्टीत हा उपद्रव जून ते सप्टेंबर या काळात विशेष जाणवतो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशीच्या वाढीला एवढी आर्द्रता पुरेशी असते. दाट वस्तीतील, भिंतीला भिंत लागून असलेल्या खोल्यांत मोरीला खिडकी नसली, तर सकाळच्या स्नानाची ओल संध्याकाळपर्यंत वाळत नाही. बुरशी ही या शहराच्या धंद्याचीही जुनी वैरीण आहे. यंत्रमागावर चढविण्यापूर्वी ताण्याच्या सुताला पिष्ठाची खळ देतात. ते सूत किंवा त्याचे कापड दमट जागी पडून राहिले, तर खळीवर बुरशी धरते व कापड डागाळते. म्हणून खळीत झिंक क्लोराइडासारखी बुरशीनाशके घालण्याची पद्धत होती. खळीतील पिष्ठ हे तेथे बुरशीचे अन्न असते. न्हाणीघरात तेच काम साबणाचा साका, अंगावरील मळ व तेल करतात. कूपनलिकेचे पाणी जड असल्यास त्यातील कॅल्शियमाशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट थर बसतो व त्यात हे अन्न टिकून राहते.

झिलईदार लादीचा पृष्ठभाग काचेसारखा अभेद्य असल्याने तिच्यावर बुरशी मूळ धरत नाही, ती सांध्यात धरते. सांधा पांढऱ्या सिमेंटाने भरलेला असतो व सिमेंट सच्छिद्र असते. त्या छिद्रांत पाणी मुरते व कवकतंतू आत शिरतात. त्यामुळे वरून घासलेला डाग आठ-पंधरा दिवसांत पुन्हा उमटतो.

या ठिकाणी बहुतेक घरांत एक चूक होते. डाग जात नाही म्हणून हायड्रोक्लोरिक अम्ल ओतले जाते. संडास साफ करण्याच्या पुष्कळशा द्रवांतही हेच अम्ल असते. अम्लाने सांधा क्षणात पांढरा दिसतो, परंतु तो स्वच्छ झालेला नसून त्याचा वरचा थर विरघळलेला असतो. सिमेंटातील चुनायुक्त घटक अम्लात टिकत नाहीत, त्यामुळे सांधा अधिक खरबरीत व सच्छिद्र होतो आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशी अधिक खोल जाते. जुन्या मोऱ्यांतील शहाबादी फरशी व कडाप्पा हे तर चुनखडकच होत. त्यांच्यावर अम्ल पडताच फेस येतो व दगडाची चकाकी कायमची जाते.

बुरशी घालविण्यासाठी प्रथम धुण्याचा सोडा किंवा साबण कोमट पाण्यात घालून ताठ ब्रशाने साका काढतात. तारेचा ब्रश वापरू नये, त्याने झिलईवर चरे पडतात. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन सोडियम हायपोक्लोराइटाचा घरगुती विद्राव दहापट पाण्यात मिसळून सांध्यांवर लावतात व सु. दहा मिनिटांनी धुतात. साका आधी काढणे आवश्यक असते, कारण मळावरच क्लोरीन खर्ची पडते. विरंजक चूर्णही चालते, परंतु दमट हवेत उघडे राहिलेल्या चूर्णातील क्लोरीन निघून जाते व उरते ती बहुतांशी चुन्याची भुकटी. हे काम करताना रबरी हातमोजे घालावेत व दार उघडे ठेवावे.

विरंजक व अम्ल एकत्र कधीही येऊ देऊ नयेत. एकाने काम भागले नाही म्हणून त्यावर दुसरे ओतणे, हा अपघाताचा नेहमीचा प्रकार आहे. दोहोंच्या संयोगाने क्लोरीन वायू मुक्त होतो. १९१५ मध्ये ईप्र येथील लढाईत शस्त्र म्हणून वापरला गेला, तो हाच वायू. तो हवेच्या सु. अडीचपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि फरशी घासणारी व्यक्ती तेथेच उकिडवी बसलेली असते. बिनखिडकीच्या मोरीत थोड्याशा वायूनेही श्वास कोंडतो व फुप्फुसांना इजा होते. अमोनियायुक्त द्रवाशी विरंजक मिसळल्यासही विषारी वायू निर्माण होतात. डोळे चुरचुरू लागताच काम टाकून मोकळ्या हवेत यावे. भांडे उचलण्यासाठी पुन्हा आत जाऊ नये. श्वास घेण्यास त्रास होत राहिल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. अम्लाच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले, ते अम्लहल्ल्यांमुळे. घरातील या धोक्याची चर्चा त्यामानाने कमी होते.

ओलसर व बुरशीयुक्त घरांचा दमा व श्वसनाच्या इतर तक्रारींशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ मधील मार्गदर्शिकेत नमूद आहे. लहान मुले व दमेकरी असलेल्या घरांत म्हणूनच अधिक दक्षता घ्यावी.

प्रतिबंधाचा खरा उपाय जागा वाळविणे हा होय. स्नानानंतर रबरी पट्टीच्या पुसण्याने भिंत व फरशी निथळून काढण्यास दोन मिनिटे लागतात व बाजारातील कोणत्याही औषधापेक्षा त्याचा गुण अधिक येतो. ओले कपडे व पंचे आत वाळत घालू नयेत. छताजवळ झरोका किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा असावा आणि स्नानानंतरही तो काही वेळ चालू ठेवावा. फरशीचा उतार जाळीकडे नसेल, तर पाणी कोपऱ्यात साचते. हा दोष गवंडीकामाचा असून घासण्याने तो दूर होत नाही. झिजलेले सांधे कोरून पुन्हा भरावे लागतात. त्यासाठी एपॉक्सी रेझिनाचे भरण महाग पडले, तरी ते पाणी शोषत नाही. वरच्या मजल्यावरील नळाच्या गळतीने भिंत आतून ओली असल्यास मात्र ती गळती बंद होईपर्यंत सांधे भरून उपयोग होत नाही.