दहा दिवसांची गल्ली आणि वर्षाची गल्ली

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या आदल्या सायंकाळी मुंबईतील कोणत्याही गल्लीत पाऊल टाकावे, तेथे एरवी न आढळणारी लगबग दिसते. रस्ता झाडून निघतो, खड्डे बुजविले जातात, कोपऱ्यावरचा कचऱ्याचा ढीग हलतो. मंगलमूर्ती ज्या वाटेने येणार ती वाट अमंगळ असू नये, हे कोणी कोणास शिकवावे लागत नाही. प्रश्न उरतो तो अनंत चतुर्दशीनंतरचा. मांडव उतरला की तीच वाट पुन्हा पूर्वपदावर का येते?

या प्रश्नाला भिडणारा एक उपक्रम मुंबई महानगरपालिकेने १९९७ मध्ये हाती घेतला. ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ हे त्याचे नाव. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘एएलएम’ म्हणून ओळखला जातो. त्याचा उगम घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांच्या पुढाकारात आहे. कल्पना साधी होती. एका गल्लीतील रहिवाशांनी समिती स्थापावी, विभाग कार्यालयात तिची नोंद करावी. घरोघरी ओला व सुका कचरा निराळा ठेवावा, ओल्याचे आवारातच खत करावे, सुका कचरावेचकांकडे सोपवावा. पालिकेने त्या बदल्यात गल्लीच्या तक्रारींकडे अग्रक्रमाने पाहावे. देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून या शहराचा कचरा साठत आला आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीच्या धुराने शहर झाकोळले, तेव्हा आपल्या दारातील डब्याचा आणि त्या डोंगराचा संबंध अनेकांच्या प्रथमच ध्यानी आला. जोशी लेनच्या रहिवाशांनी तो जवळजवळ दोन दशके आधी ओळखला होता.

या उपक्रमाचे मूल्यमापन करताना एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जेथे समिती जागती राहिली, तेथे गल्ली खरोखर पालटली. भिंतीकडेला झाडे आली आणि त्यांना घरच्याच कचऱ्याचे खत मिळाले. शेकडो समित्यांची नोंद झाली. परंतु त्यांतील कित्येक कालांतराने निद्रिस्त झाल्या, हेही तितकेच खरे. सारा भार चारदोन निवृत्त, उत्साही मंडळींवर पडला. ती थकली आणि खताचा खड्डा ओस पडला. निराळा केलेला कचरा पुढे गाडीत एकत्र होताना दिसला की गृहिणीचा दोन डब्यांवरील विश्वास उडतो. दाटीवाटीच्या वस्त्यांत तर आवार हीच दुर्मीळ वस्तू. इमारतींसाठी आखलेली योजना तेथे जशीच्या तशी रुजणे कठीणच होते. २०१७ मध्ये पालिकेने मोठ्या गृहसंकुलांना ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावण्याचे बंधन घातले. नियमाने खड्डा खणता येतो. त्यात रोज लक्ष घालणारा माणूस मात्र नियमातून निर्माण होत नाही.

तो माणूस कोठे सापडेल? उत्तर आपल्या मांडवातच आहे. १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यास चालना दिली. त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत उत्सव सुरू झाला. एका चाळीने वर्गणी काढावी, कामे वाटून घ्यावीत, हिशेब द्यावा, ही शिस्त तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडली आहे. जे मंडळ दहा दिवस रात्र जागवते, त्याने उरलेले दिवस आठवड्यातून एक तास गल्लीला दिला, तर पालिकेच्या समित्यांना जे तरुण हात मिळाले नाहीत ते मिळतील.

आरंभ निर्माल्यापासून व्हावा. दूर्वा, बेल, माका, आघाडा, शमी अशी एकवीस प्रकारची पत्री आपण गणेशाला वाहतो; ती मातीतून आली, खत होऊन मातीतच जावी. पार्थिव मूर्तीचा अर्थही हाच: मातीची मूर्ती, मातीत विसर्जित. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून तर जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या उत्सवात सहा फुटांपर्यंतच्या अशा मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्याचा आदेश दिला आणि पालिकेने सुमारे २९० तलाव सिद्ध केले. तलाव पालिका बांधील. शाडूची लहान मूर्ती आणण्याचा निश्चय मात्र घरात व्हावयाचा आहे.

उत्तरपूजेनंतर आपण मूर्ती जागची हलवितो आणि ‘पुढच्या वर्षी लवकर या’ अशी विनवणी करतो. ज्याला इतक्या प्रेमाने पुन्हा बोलवायचे, त्याच्या येण्याची वाट वर्षभर झाडून ठेवणे हीही पूजाच होय. विघ्नहर्त्याने ती बुद्धी सर्वांना द्यावी, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.