गाडीचा नंबर सांगा, जिल्हा मिळेल



नंबर प्लेट पाहून गाडी कुठे नोंदली हे सांगता येते. एमएच ३४ म्हणजे आपले चंद्रपूर, ३३ गडचिरोली, ३६ भंडारा, ३२ वर्धा. आमचे आजोबा विचारतात, "कोन्या गावची गाडी व्हय रे?" हेच काम संगणकही करतो. पीएचपी नावाच्या भाषेत त्यासाठी असोसिएटिव्ह ॲरे असतो.

नाव मोठे, पण वस्तू घरचीच. स्वयंपाकघरात फळीवर डबे असतात ना? वर चिठ्ठी, आत माल. चिठ्ठी आपण लिहू ती. पीएचपीला देवनागरी नावेही चालतात, फक्त आधी डॉलरचे चिन्ह हवे.

$गाडी["एमएच ३४"] = "चंद्रपूर";
$गाडी["एमएच ३३"] = "गडचिरोली";

आता खरी गंमत. पुढची गाडी कोणती येईल हे आधी कोणाला ठाऊक? म्हणून प्लेटवर जे दिसेल ते $नंबर यात ठेवायचे आणि एकच ओळ लिहायची:

$जिल्हा = $गाडी[$नंबर];

संगणक आधी $नंबर मध्ये काय आहे ते पाहतो, मग त्या चिठ्ठीचा डबा उघडतो. इथे अवतरणचिन्हे नकोत. "नंबर" असे लिहिले की तो खरोखरच 'नंबर' नावाची चिठ्ठी शोधतो, आणि तशी तर एकही नाही!

कोणी म्हणेल, एमएच काहून लिहायचे, आकडे पुरेत की. पुरत नाहीत. आपला मुलूख सीमेचा. राजनांदगावचा ट्रक सीजी ०८, पण एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी. आदिलाबादची गाडी टीएस ०१ आणि एमएच ०१ मुंबईची. धक्का देऊन पळालेल्या गाडीचे नुसते आकडे ध्यानात ठेवले, तर आदिलाबाद सोडून मुंबईत शोधत बसाल. संगणकातही नुसते ०१ लिहिले की चिठ्ठी एकच होते, आणि नंतर घातलेला माल आधीचा बाहेर काढतो. त्यात तेलंगणाने मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांना टीएसऐवजी टीजी दिले. म्हणून तिथे दोन डबे ठेवावे, दोन्हीत आदिलाबादच.

"एमएच३४" असे जोडून लिहिले तरी डबा सापडत नाही. त्यासाठी ही ओळ:

$जिल्हा = $गाडी[$नंबर] ?? "माहीत नाही";

डबा नसला तर 'माहीत नाही' असे उत्तर येते.

यादीत नसलेली प्लेट कोणाला दिसली तर पूर्ण नंबर, अक्षरांसकट, खालच्या कोऱ्या कागदावर लिहावा. मी डबा वाढवीन.