दोन एकरांचे गाव, ऐंशी गुंठ्यांची शांतता

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील वेस्टन या गावाला रेल्वेस्थानक नाही. बाजारपेठ म्हणावी तर किराणा, औषधे, बँक आणि टपाल कार्यालय एवढी सोय असलेले एकच छोटे व्यापारी संकुल आहे. बहुतेक रस्त्यांना पदपथ नाहीत. तरीही न्यूयॉर्कपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवरील या गावात वित्तसंस्था, वकिली आणि माध्यम क्षेत्रातील उच्चपदस्थ मोठ्या संख्येने राहतात. कुटुंबांचे मध्यम वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलरहून अधिक असलेल्या या गावाला ‘ग्रामीण’ म्हटले जाते आणि ते खोटेही नाही. मात्र ही ग्रामीणता शेतीने टिकवलेली नसून नियमांनी राखलेली आहे.

वेस्टनच्या भूवापर नियमांनुसार घरासाठी किमान दोन एकरांचा भूखंड लागतो. आपल्या हिशेबात हे ऐंशी गुंठे झाले. एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांवर उभ्या राहिलेल्या वस्त्या नियमित करण्यासाठी महाराष्ट्राला २००१ मध्ये गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला होता. वेस्टनमध्ये गंगा उलटी वाहते. तेथे जमिनीचा तुकडा पडू नये, यासाठीच नियम आहे. परिणामी पन्नासेक चौरस किलोमीटरच्या गावात २०२० च्या जनगणनेनुसार अवघे १०,३५४ लोक राहतात आणि एका घरातून दुसरे घर झाडीमुळे बहुधा दिसत नाही.

वेस्टनची स्वतंत्र नगर म्हणून स्थापना १७८७ ची. खडकाळ जमिनीवरील शेती पुढे मागे पडली आणि १९३० मध्ये तर लोकसंख्या ६७० पर्यंत घसरली होती. त्यानंतर गावाच्या दक्षिणेकडून मेरिट पार्कवे हा महामार्ग गेला. १९४० मध्ये पूर्ण झालेल्या या रस्त्यावर आजही मालट्रकना बंदी आहे. मोटार बाळगणाऱ्या शहरी नोकरदारांना गाव आवाक्यात आले आणि १९७० पर्यंत लोकसंख्या साडेसात हजारांच्या घरात पोहोचली. आजही न्यूयॉर्कला जाणारा वेस्टनकर आधी मोटारीने शेजारच्या वेस्टपोर्टचे स्थानक गाठतो आणि तेथून तास-सव्वातासाने ग्रँड सेंट्रलला उतरतो. कोरोनापूर्वी या स्थानकावर वाहनतळाचा परवाना मिळवण्यासाठी कित्येक वर्षांची प्रतीक्षायादी असे. घरातून काम करण्याची मुभा मिळाल्यावर ही ओढाताण कमी झाली, पण मोटारीवाचून येथे दूधही आणता येत नाही, हे वास्तव कायम आहे.

श्रीमंतीच्या कल्पनेत न बसणारी गोष्ट म्हणजे पाण्याची व्यवस्था. गावात सार्वजनिक मलवाहिनी नाही आणि बहुतांश घरांना नळाचे पाणीही नाही. प्रत्येकाची स्वतःची कूपनलिका, स्वतःची सेप्टिक टाकी आणि सांडपाणी जमिनीत जिरवण्यासाठी स्वतःचे शोषक्षेत्र असते. टाकी साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसून घ्यावी लागते. कूपनलिकेवरील पंप विजेवर चालत असल्याने वीज गेली की पाणीही जाते. दाट झाडी हे गावाचे वैभव खरे, पण वादळात तीच वीजतारांवर कोसळते. ऑक्टोबर २०१२ चे सँडी आणि ऑगस्ट २०२० चे इसाइअस या वादळांनंतर अनेक घरे काही दिवस अंधारात होती. लाखो डॉलरच्या घरात शौचालयासाठी बादलीने पाणी ओतण्याची वेळ अशी येते. म्हणूनच घरोघरी जनित्र ही येथे चैन मानली जात नाही. गंमत अशी की, सॉगाटक जलाशयाचा मोठा भाग याच गावाच्या हद्दीत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो बांधताना व्हॅली फोर्ज ही जुनी वस्ती पाण्याखाली गेली. त्याचे पाणी ब्रिजपोर्ट परिसराला जाते, वेस्टनकर मात्र बोअरचेच पाणी पितात.

झाडीबरोबर हरणे येतात आणि हरणांबरोबर गोचिडी. ‘लाइम’ या आजाराला याच राज्यातील लाइम गावाचे नाव मिळाले आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास तेथील मुलांमध्ये सांधेदुखीचे रुग्ण आढळल्यावर त्याचा शोध सुरू झाला. जिवाणूचा मुख्य साठा उंदरांत असतो, तर हरणांच्या रक्तावर प्रौढ गोचिडी पोसल्या जातात. संध्याकाळी मुलांचे हातपाय तपासणे हा येथील दिनक्रमाचाच भाग आहे.

एवढे सोसून लोक येथे येतात ते मुख्यत्वे शाळांसाठी. प्राथमिक ते उच्च माध्यमिक अशा गावातील सर्व सरकारी शाळा एकाच रस्त्यावर आहेत आणि गावाच्या अंदाजपत्रकाचा सर्वांत मोठा वाटा त्यांच्यावर खर्च होतो. कारखाने वा मोठी दुकाने नसल्याने हा भार जवळपास सगळा घरांच्या मालमत्ता करावर पडतो. कनेक्टिकटमध्ये बाजारभावाच्या ७० टक्के किमतीवर करआकारणी होते. नोकरी गेली वा निवृत्ती आली तरी कर थांबत नाही. त्यामुळे मुलांचे शिक्षण संपताच घर विकून लहान जागेत जाणे अनेकांना भाग पडते. आणि तशी लहान जागा गावात जवळपास नसतेच!

येथेच दोन एकरांच्या नियमाची दुसरी बाजू दिसते. गावातील वृद्ध, शिक्षक, घरकाम व बागकाम करणारे यांना परवडेल असे घर वेस्टनमध्ये शोधून सापडत नाही. राज्याच्या १९८९ च्या कायद्यानुसार, परवडणारी घरे १० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या गावाने अशा प्रकल्पाला परवानगी नाकारली, तर नकार योग्य असल्याचे न्यायालयात सिद्ध करण्याची जबाबदारी गावावर येते. वेस्टनमध्ये हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. गृहनिर्माणाचे एक व्यापक विधेयक राज्यपाल नेड लॅमॉन्ट यांनी जून २०२५ मध्ये नकाराधिकार वापरून रोखले. ‘स्थानिकांचे अधिकार जातील’ अशी तक्रार तेव्हा श्रीमंत उपनगरांतून जोरात होती. नोव्हेंबरच्या विशेष अधिवेशनात त्याची सुधारित आवृत्ती संमत झाली.

मात्र केवळ कायद्याने वेस्टनमध्ये इमारती उभ्या राहतील, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. मलवाहिनीच नसलेल्या गावात वीस-तीस सदनिकांचे सांडपाणी जिरवायचे कोठे, हा प्रश्न खराच आहे. खडकाळ जमीन ते किती शोषेल, यावर घरांची संख्या ठरते. अर्थात मलवाहिनी आणायची की नाही, हे खडक ठरवत नाहीत. तो निर्णय गावाचाच असतो.