झाडावर कोरलेली नावं
बिबवेवाडीत अप्परच्या चढाला माझं सुतारकामाचं दुकान आहे. देव्हारे, दारं, दारांवरच्या नावाच्या पाट्या यांत तीस वर्षं गेली. त्यामुळे जेकब वेनराइटची हकिकत वाचताना मला आधी दिसलं ते त्यातलं झाड.

मी मूळचा नाशिकचा. शाळेत रोज शरणपूर रोडनं जायचो, पण हे ‘शरण’ कोणाचं, हे कधी मनात आलं नाही. इंग्रजांची गस्ती जहाजं अरबी गलबतांतून गुलाम सोडवत. त्यांतली बरीच मुलं मुंबईत उतरून चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या वस्तीत येत. तिथे लिहिणं-वाचणं शिकवत, सुतारकाम-लोहारकामही. याओ जमातीचा जेकब त्यांतलाच एक. वेनराइट म्हणजे गाडे घडवणारा सुतार! हे कळलं आणि तो मला आमच्याच आळीतला वाटायला लागला.

1872 मध्ये स्टॅनले या पत्रकारानं धाडलेल्या तुकडीबरोबर तो आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनकडे गेला. 1 मे 1873 रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. चुमा, सुसी हे त्याचे जुने आफ्रिकी सोबती आणि बाकीच्या मंडळींनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला. पुरताना प्रार्थना वाचली जेकबनं, खोडावर अक्षरंही त्यानंच कोरली. उभ्या झाडावर कोरणं दिसतं तेवढं सोपं नाही. लाकूड ओलं, हत्यार अडकतं, कड साफ निघत नाही. मग देह घेऊन सगळे समुद्राकडे निघाले. 1874 उजाडल्यावर किनारा लागला.

पुढे देहाबरोबर जेकब इंग्लंडला गेला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीच्या मानकऱ्यांत तो एकटाच आफ्रिकी. चुमा आणि सुसी पोचले तेव्हा दफन उरकलं होतं. त्यांना आधीच का बोलावलं नाही, याचा मला अजून राग येतो.

ॲबीतल्या फरशीवर लिव्हिंगस्टनला इथवर आणणाऱ्या इमानी हातांचा उल्लेख आहे. हात कोणाचे, ते नाही.

जेकब 1892 मध्ये, आजच्या टांझानियातल्या उरंबोला वारला. त्याचं झाड पुढे तोडलं, पण अक्षरांचा तुकडा लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत जपून ठेवलाय. त्यावर लिव्हिंगस्टनच्या नावाबरोबर सोबतच्या तिघा आफ्रिकी माणसांची नावं आहेत. जेकबचं नाही.